शिंपल्यांच्या दुकानातून निघालेली जहाजं

प्रश्न : आमच्या दोन मासेमारी बोटी आहेत, शिवाय बंदरातल्या बोटींना डिझेल पुरवतो. मुलगा म्हणतो, शेल कंपनीसुद्धा अशाच एका घरातून सुरू झाली आणि ते आधी शिंपले विकायचे. खरं आहे का? घरचा धंदा होता, तर घराबाहेर गेला कसा?
– एक वाचक

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. लंडनच्या पूर्व भागातला मार्कस सॅम्युअल हा ज्यू व्यापारी जहाजांवरून आलेले शिंपले विकत घ्यायचा. समुद्रकाठी हवापालटाला जाणारी मंडळी शिंपले जडवलेल्या डब्या आठवण म्हणून घरी नेत, अशा डब्यांचं हे दुकान. पुढे त्याच्याच नावाचा मुलगा मार्कस आणि धाकटा सॅम्युअल यांनी पेढी वाढवली. (धाकट्याचं नाव सॅम्युअल सॅम्युअल, छपाईची चूक नव्हे.) त्याने जपानात योकोहामाला बस्तान बसवलं.

तेव्हा पूर्वेकडच्या रॉकेलवर अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलचा वरचष्मा होता. त्यांचं रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून यायचं, दोन डबे एका लाकडी खोक्यात. मार्कसने काळ्या समुद्रात टाकीवाली जहाजं पाहिली आणि १८९१ मध्ये रशियन रॉकेलसाठी रॉथशील्ड या बँकवाल्या घराण्याच्या कंपनीशी करार केला. अडचण सुएझची होती. कालवा कंपनी तेलाच्या टँकरना आत घेत नसे. तीस वर्षं टँकरच्या इंजिनरूममध्ये काढल्यामुळे मला त्यांची भीती समजते. रॉकेल तापलं की फुगतं. टाकीत जागा ठेवली नाही तर ते वाट शोधतं, आणि थोडं तेल असलं की ते जहाज डोललं तसं हिंदकळतं. सॅम्युअलच्या जहाजात टाक्यांचे कप्पे पाडले आणि फुगणाऱ्या तेलाला वर वेगळी जागा दिली. ऑगस्ट १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ कालव्यातून पार झालं. नाव एका शंखाचं. पुढची ‘काँच’ आणि ‘क्लॅम’ त्याच कुळातली. परतताना टाक्या वाफेने धुऊन त्यांतून इतर माल आणायचा, म्हणजे रिकामी फेरी नको. टाकी धुण्याचं काम मी केलंय. आतल्या वासाने डोकं उठतं.

पण पठ्ठ्या फसला तो डब्यात. त्याचा हिशोब असा, की टाकीतून रॉकेल स्वस्त पडेल आणि लोक आपापली भांडी घेऊन येतील. लोक येईनात. त्यांना डबाच हवा होता. आपल्याकडे रॉकेलचा डबा रिकामा झाल्यावर त्याचं काय काय होतं, ते त्याला कोणी सांगितलं नसावं! तिथेही त्याच पत्र्याची छपरं आणि भांडी व्हायची. मग त्याने पत्रा पाठवून पूर्वेतच डबे बनवायला लावले. स्टँडर्डचे डबे निळे, याचे लालभडक. दूरच्या प्रवासात खरचटलेल्या निळ्यापुढे ताजा लाल डबा उठून दिसे.

तेल साठवायच्या टाक्या बांधायला भाच्यांना पूर्वेत धाडलं. तिथल्या व्यापारी पेढ्यांनी नफा-तोटा वाटून घ्यायचा, असं ठरलं. १८९७ मध्ये याचीच ‘शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग’ झाली.

घराबाहेर जाण्याची कारणं दोन-तीन. एवढा पसारा झाला, तरी कारभार पेढीसारखाच. मार्कसच्या शब्दाविना पान हलायचं नाही. आणि १९०२ मध्ये साहेब लंडनचे लॉर्ड मेयर झाले, वर्षभर मिरवणुका आणि मेजवान्या. त्यातच टेक्सासच्या ज्या तेलविहिरींवर भिस्त ठेवून एकवीस वर्षांचा करार केला होता, त्यांचा जोर ओसरला. तुमच्या धंद्याच्या जवळची गोष्ट अशी, की बोर्निओतलं त्याचं तेल जड, रॉकेलपेक्षा जहाजाच्या बंकरला, म्हणजे इंधनाला योग्य. ब्रिटिश आरमाराने ‘हॅनिबल’ युद्धनौकेवर तेल जाळून पाहिलं, तर पांढऱ्या वाफेऐवजी काळ्या धुराचे लोट उठले. बर्नर चुकीचे होते. नाव तेलाचं खराब झालं.

१९०७ मध्ये डच कंपनी रॉयल डचबरोबर एकत्र येताना वाटे पडले ६० आणि ४०. साठ डचांचे. सूत्रं रॉयल डचच्या हेन्री डेटरडिंगच्या हाती गेली. मार्कस शेल ट्रान्सपोर्टचा अध्यक्ष राहिला, नंतर त्याचा मुलगाही झाला. पण भाव आणि जहाजं ठरवणारे दुसरे. पंपावरचा शिंपला मात्र १९०४ पासून तोच आहे.

आणि ते ‘म्युरेक्स’? १९१६ मध्ये भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवलं, सुएझच्याच वाटेवर.