पहाटेचं पाणी मोजा, दुपारचं नव्हे

तुमच्या किनाऱ्यालगतच्या सरोवराचं मुख वाळूने बुजलंय, पाणी हिरवं झालंय, पहाटे मासे वर येऊन तडफडतात आणि तपासणी अहवाल मात्र 'ऑक्सिजन पुरेसा' सांगतो, हे वाचून राहवलं नाही. आम्ही अगदी यातूनच गेलोय.

सांडपाणी आणि खतांमधलं नत्र-स्फुरद शेवाळाला पोसतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. माझा राग आहे तो नमुना घेण्याच्या वेळेवर. आमच्याकडचं संबंधित कार्यालय नमुने भर दुपारी घ्यायचं, तेही फक्त पृष्ठभागाजवळचे. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारचा आकडा झकास येतो. रात्री तेच शेवाळ आणि तळातले जिवाणू तो वापरतात. उजाडण्याआधी तो सगळ्यात कमी असतो. त्यात खारं पाणी जड म्हणून खाली बसतं, वर गोड्या पाण्याचं झाकण, त्यामुळे तळाला हवा लागत नाही. मग गाळातला स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतो आणि शेवाळाला आणखी खाद्य मिळतं. 'पाणी चांगलं' या एका शेऱ्यावर आमच्या प्रत्येक तक्रारीची बोळवण झाली. तोवर तळावरचे शिंपले मेले, समुद्रगवत गेलं. मुख्य नुकसान ते, कारण समुद्रगवत एकदा गेलं की सहजी परत येत नाही.

मग वाळू खोदून समुद्राकडचं मुख फोडायचं का? सरसकट 'हो' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. तळात ऑक्सिजन नसताना फोडलं, तर वरचं चांगलं पाणी आधी वाहून जातं आणि मासे उरलेल्या सडक्या पाण्यात अडकतात. ओडिशातल्या चिलिका सरोवराचा दाखला सगळे देतात. सप्टेंबर २००० मध्ये तिथे नवं मुख खोदलं, क्षारता वाढली, गोड्या पाण्यातलं तण हटलं, मासळी वाढली. २००२ मध्ये ते रामसर कराराच्या (पाणथळ जागा जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) धोक्यातल्या पाणथळींच्या यादीतून बाहेर आलं. पण सोबत पाणलोट क्षेत्रातही काम झालं होतं, ते कुणी सांगत नाही. वरच्या धरणांतून पाणीच येत नसेल, तर लाटा वाळू आणून मुख पुन्हा बुजवतात.

मी अभियंता नाही, त्यामुळे खोदाईचा निर्णय माझ्या शब्दावर घेऊ नका. आधी उजाडण्यापूर्वी, तळाजवळ आणि वर, अशा दोन्ही ठिकाणी ऑक्सिजन व क्षारता मोजा. प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि खोली लिहा. तळाशी लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन निघाला, तर तीच नोंद तक्रारीला जोडा. मीटर नसेल तर विंकलर पद्धत, म्हणजे बाटलीतल्या नमुन्यात रसायनं घालून ऑक्सिजन मोजणं, चालते, फक्त बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका आणि रसायनं तिथेच, काठावर घाला.