सहीपुरते विश्वस्त

अगं,

तुझा मेसेज वाचला, तुझ्या अभ्यासिकेच्या ट्रस्टच्या सभेला सात विश्वस्तांपैकी तिघंच आले, कोरमसाठी (किमान हजेरी भरायला) चौथ्याला फोनवर धरून ठेवलं वगैरे. हसूच आलं. तू म्हणतेस विश्वस्तांना इंटरेस्टच नाही, पण तू पाठवलेला अजेंडा बघितला मी. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. आता यात त्यांनी बोलायचं काय? सगळं तूच ठरवून आलेली असतेस, ते बिचारे पोहे खाणार, सही करणार आणि पुढच्या वेळी म्हणणार की पोहे काय घरी पण मिळतात.

मी स्वतः असाच विश्वस्त होतो. एका संस्थेत नऊ वर्षं खजिनदार, नावाला. मीटिंगा व्हायच्याच नाहीत, शिपाई इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन घरोघरी फिरायचा आणि मी गेटपाशीच त्याच्या स्कूटरच्या सीटवर ते ठेवून सही ठोकायचो, वर काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही. मग अध्यक्ष वारले, नवे आले, हारतुरे झाले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला (ट्रस्टांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला) कळवायचं ते, काही दाखल झाला नाही कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला असेल. पुढे एका देणगीदाराने पीटीआरचा, म्हणजे त्या कार्यालयातल्या ट्रस्ट नोंदणीच्या रजिस्टरचा, उतारा मागितला तर त्यावर गेलेल्या माणसाचंच नाव. देणगी गेली ती गेलीच. महाराष्ट्राच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं, हे खजिनदारसाहेबांना तेव्हा कळलं. मला कोणी काही विचारलं नव्हतं हे खरं, पण मी तरी कुठे काय विचारलं होतं?

म्हणून पुढच्या सभेत एक असा विषय ठेव ज्याचं उत्तर तुझ्याकडे खरंच नाहीये. तो अभ्यासिकेच्या जागेचाच घे ना, मालक भाडं वाढवतोय, तर जागा बदलायची, का संध्याकाळची बॅच बंद करायची, का मुलांकडून थोडी फी घ्यायची. आठ दिवस आधी एका पानावर आकडे लिहून पाठव, एकच पान, तुझ्या त्या चौदा पानी पीडीएफ कोणी उघडत नाही (मी पण नाही). आणि सभेत गप्प बस. हे तुला जड जाणार, मला माहितीये. पाच मिनिटं कोणी बोलणार नाही, मग कोणीतरी भलतंच काहीतरी बोलेल, लगेच खोडू नकोस. जो जास्त तावातावाने बोलेल ना, त्यालाच दोन जागा बघून यायला सांग आणि त्याचं नाव आणि तारीख इतिवृत्तात लिही.

माणसांचंही बघावं लागेल. तुझा नवरा, मावसभाऊ, कॉलेजचे सर आणि सरांचे मित्र, रजिस्ट्रेशनच्या घाईत सगळे असंच करतात, चालतं. पण अभ्यासिकेत ज्यांची पोरं बसतात त्यांच्यातलं एकही माणूस नाही त्यात. पुण्याची ‘सार्वजनिक सभा’ ही संस्था १८७० साली निघाली ती मुळात पर्वती देवस्थानच्या पंचांच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या त्यातून, म्हणजे आपलं हे दुखणं जुनंच आहे. तर त्यांनी नियमच केला की सभासद व्हायचं तर निदान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र (आमच्या वतीने हा बोलेल असं पत्र) आणायचं. असे ९५ सभासद झाले, सहा हजार लोकांच्या वतीने. तुला ५० सह्या नकोत, पण तुझा एक तरी विश्वस्त असा असू दे की ज्याला रस्त्यात अडवून पोरं विचारतील, काका पंखा कधी दुरुस्त होणार.

सीएंना बोर्डावर घ्यायचं म्हणतेस, तर घे, पण मग ऑडिट दुसऱ्याकडून. आपलाच पेपर आपणच तपासायचा असं नको. आणि जे येतच नाहीत त्यांच्यावर चिडू नकोस, ट्रस्टच्या घटनेत विश्वस्तांची मुदत आणि गैरहजेरीचं काय लिहिलंय ते वाच, मग घरी जाऊन चहा घेत विचार की सुटका हवीये का. बऱ्याच जणांना हवी असते, ते फक्त कोणी विचारायची वाट बघत असतात. राजीनामा मात्र लेखी घे आणि ते ९० दिवस विसरू नकोस.

शनिवारी येतोय मी. इतिवृत्ताचं रजिस्टर काढून ठेव, आणि ज्यांच्या सह्या राहिल्यात त्यांच्याकडे ते पाठवू नकोस, त्यांनाच बोलाव.

तुझा काका