जुन्या रस्त्यावर शिल्पं मांडण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही सावकाश वाचले. शहराच्या जुन्या गाभ्यात, मुख्य रस्त्याच्या कडेने शिल्पं उभी करायची कल्पना मला पसंत आहे. फक्त ‘परिसराचं सौंदर्य वाढेल’ हे वाक्य आराखड्यात पुन्हा पुन्हा येतं, ते खोडून टाक. जुन्या भागात सौंदर्याची उणीव नसते. उलट दगडी कमानी आणि कोरीव सज्ज्यांसमोर नवं शिल्प बऱ्याचदा हरतंच. तिथून गेलेली असते ती माणसांची रेंगाळण्याची सवय. लोक कामापुरते येतात आणि काम झालं की निघतात. शिल्पाने चालणाऱ्याला थांबवलं आणि थांबलेल्याला शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला विषय दिला, तर त्याने आपलं काम केलं. तुझ्या आराखड्यातली प्रत्येक गोष्ट या कसोटीवर घासून बघ.

एक उदाहरण नीट अभ्यासून ठेव. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात ग्रँड जंक्शन नावाचं शहर आहे. तिथल्या डाउनटाउनमधला मेन स्ट्रीट १९६२ साली मुद्दाम नागमोडी करण्यात आला. झाडं लावली, मोटारींचा वेग उतरवला, पायी चालणाऱ्यांना जागा मोकळी करून दिली. पुढे मे १९८२मध्ये एक्सॉन या तेल कंपनीने जवळचा शेल खडकातून तेल काढण्याचा मोठा प्रकल्प अचानक बंद केला आणि त्या सगळ्या पट्ट्याचं अर्थकारण कोसळलं. अशा पडत्या काळात, १९८४मध्ये, तिथे ‘आर्ट ऑन द कॉर्नर’ सुरू झालं. पद्धत साधी होती. शिल्पकारांनी आपलं काम साधारण वर्षभरासाठी उसनं द्यायचं, ते रस्त्याकडेला उभं राहायचं, कुणाला हवं असेल तर विकत घ्यायचं आणि मुदत संपली की त्या जागी नवं शिल्प यायचं. साउथ डकोटातल्या सू फॉल्स शहरानेही २००४पासून अशीच पद्धत चालवली आहे. तिथे लोक आवडत्या शिल्पाला मत देतात आणि जिंकलेलं शिल्प शहरात कायमचं राहतं.

या पद्धतीत पैसा वाचतो, हे कुणीही सांगेल. मला तिच्यातली मुदत महत्त्वाची वाटते. कायमचं शिल्प काही वर्षांत दिसेनासं होतं. रोज जाणाऱ्याच्या नजरेला ते दिव्याच्या खांबाइतकंच उरतं. दरवर्षी बदलणारं शिल्प त्याच माणसाला पुन्हा त्या रस्त्यावर आणतं. शिवाय विरोधाची धार जाते. ज्याला ते पोलादी वेटोळं भयंकर वाटतं, त्याला सांगता येतं की पुढच्या वर्षी ते नसेल. गंमत अशी की मुदत संपत आली की ‘ते काढू नका’ म्हणणाऱ्यांत कधी कधी तोच माणूस पुढे असतो. कायमचं काय ठेवायचं हा निर्णय लोकांनी त्या शिल्पासोबत एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर व्हावा, बंद खोलीत छायाचित्रं बघून नव्हे.

उलटं झालं की काय होतं, तेही बघ. न्यूयॉर्कमध्ये फेडरल प्लाझा या सरकारी कचेऱ्यांच्या चौकात १९८१ साली रिचर्ड सेरा यांचं ‘टिल्टेड आर्क’ उभं राहिलं. गंजत्या पोलादाची सुमारे साडेछत्तीस मीटर लांब आणि साडेतीन मीटरहून उंच अशी किंचित कललेली भिंत चौकाच्या मधोमध उभी. तिथे काम करणाऱ्यांना रोज तिला वळसा घालावा लागे. तक्रारी झाल्या, १९८५मध्ये जाहीर सुनावणी झाली, खटले झाले आणि १९८९मध्ये ती कापून हलवली. सेरा यांचं म्हणणं होतं की शिल्प या जागेसाठीच घडवलंय, इथून हलवणं म्हणजे नष्ट करणं. कलाकार म्हणून ते चुकत होते असं मला वाटत नाही. पण रोज त्या चौकातून जाणाऱ्यांना आधी कुणी विचारात घेतलं नव्हतं, आणि त्याचं बिल शेवटी शिल्पाच्या नावावर फाटलं.

म्हणून वादाला भिऊ नकोस, पण वाद कशावर होतो याकडे लक्ष ठेव. ‘ही कसली कला?’ हा वाद चांगला. ‘माझी वाट अडवली’ हा वाईट, कारण तो तुला आधीच टाळता आला असता. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये १९७७ साली शहरभर शिल्पं मांडली गेली. क्लास ओल्डेनबर्ग यांचे काँक्रीटचे तीन प्रचंड गोळे आसे तलावाकाठी ठेवले, तर विद्यार्थ्यांनी ते तलावात ढकलायचा प्रयत्न केला! गोळे हलले नाहीत. आज ते तिथल्या लोकांचे लाडके आहेत आणि ते प्रदर्शन दर दहा वर्षांनी भरतं. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातही असंच. १८४१मध्ये एक चौथरा अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला, पैसे संपले आणि दीडशे वर्षं तो रिकामा राहिला. १९९९पासून त्यावर बदलती शिल्पं येऊ लागली. पहिलं होतं मार्क वॉलिंजर यांचं ‘एके होमो’: माणसाच्याच मापाची एक आकृती, त्या अवाढव्य चौथऱ्यावर अगदी चिमुकली दिसणारी. बाकीच्या चौथऱ्यांवर एक राजा आणि दोन सेनापती आहेत. त्या एका लहान आकृतीने आजूबाजूच्या पुतळ्यांकडेही लोकांना नव्याने बघायला लावलं. जुन्या जागेत नवं शिल्प हे करू शकतं, आणि त्यासाठी ते भव्य असावं लागत नाही.

एक सावधगिरी. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अलेक्झांडर काल्डर यांचं लाल पोलादी ‘ला ग्रांद व्हितेस’ १९६९मध्ये बसवलं गेलं. केंद्र सरकारच्या कलानिधीतून सार्वजनिक जागेसाठी उभं राहिलेलं ते पहिलं शिल्प. सुरुवातीला टीका झाली, पण पुढे तेच शहराचं बोधचिन्ह बनलं. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच नूतनीकरणाच्या लाटेत तिथली एकोणिसाव्या शतकातली सिटी हॉलची इमारत पाडली गेली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शिल्पांचा कार्यक्रम दाखवून जुनी घरं पाडायचा प्रस्ताव कुणी पुढे सरकवू लागलं, तर तिथे तू ठाम नाही म्हण.

रंगवलेल्या प्राण्यांच्या पुतळ्यांबद्दल तू विचारलंस. झुरिकमध्ये १९९८ला आणि शिकागोत १९९९ला रंगीत गाई रस्तोरस्ती उभ्या राहिल्या. गर्दी झाली, शिकागोत नंतर लिलावातून धर्मादाय कामाला पैसाही मिळाला. एकदा करायला हरकत नाही. मला स्वतःला त्याचा लवकर कंटाळा येतो, पण मुलांना येत नाही, म्हणून माझं मत फार मनावर घेऊ नकोस.

आता कामाचं. शिल्प निवडण्याआधी जागा निवड, आणि जागा नकाशावर निवडू नकोस. सकाळी दुकानं उघडताना, भर दुपारी आणि रात्री दिवे लागल्यावर त्या रस्त्यावर उभं राहा. लोक आपोआप कुठे मंदावतात, सावली कुठे पडते, म्हातारी माणसं कुठे टेकतात, हे टिपून घे. जुन्या इमारतीच्या दर्शनी भागासमोर बरोबर मध्ये काही ठेवू नकोस. कोपरा, वळण, बोळाचं तोंड या जागा बऱ्या. सगळे कोपरे भरू नकोस. एक शिल्प संपून दुसरं दिसेपर्यंत थोडं चालावं लागलं पाहिजे, म्हणजे मधली दुकानंही दिसतात.

चौथरे बुटके ठेव. लोक हात लावणारच, मुलं चढणारच. चढल्यावर कलंडेल किंवा कापेल असं शिल्प कितीही सुंदर असलं तरी रस्त्यासाठी घेऊ नकोस. खणण्याआधी खालून जाणाऱ्या पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्यांची माहिती काढ. गंजू दिलेल्या पोलादाचं पाणी दगडी फरशीवर तांबूस डाग पाडतं, तेव्हा निचऱ्याची सोय आधी कर. कांस्याला नियमित मेणाचा थर लागतो, आणि भंगाराच्या भावासाठी ते चोरीलाही जातं: २०११च्या डिसेंबरात लंडनच्या एका बागेतून बार्बरा हेपवर्थ यांचं मोठं शिल्प असंच नाहीसं झालं. विमा, देखभाल आणि मुदतीअखेर शिल्प उचलून नेण्याचा खर्च कोण करणार, हे शिल्पकाराच्या करारात स्पष्ट असू दे. हा खर्च आराखड्यात कुठेच दिसला नाही.

आणि दुकानदारांना उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेतून ही बातमी कळता कामा नये. ज्याच्या दारासमोर शिल्प येणार त्याला शिल्पकाराशी आधी भेटव. नंतर वर्षभर येणारे-जाणारे त्यालाच विचारणार आहेत की हे काय आहे. त्याला चार गोष्टी माहीत असतील तर तो रंगवून सांगेल, आवडलं नसेल तर तेही सांगेल, आणि तुझ्या माहितीफलकापेक्षा लोक त्याचं जास्त ऐकतील. झाडणाऱ्यांनाही विचार; चौथऱ्याभोवती झाडू फिरेल एवढी जागा सुटली आहे का, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

पहिल्या वर्षी वीस नको, सात-आठ पुरेत. सुधारलेला आराखडा खर्चाच्या पानासह पाठव, आणि त्यात जागांच्या यादीपुढे तिथे तू कोणत्या वेळी उभं राहून पाहिलंस, तेही लिही.

तुझा हितचिंतक