लॅपटॉप निवडताना : नाव तेच, वॅट वेगळे

या वेळीही बहुतेक पत्रांतला घोळ एकच आहे. समोर दोन लॅपटॉप, दोघांचे प्रोसेसर वेगळे, ग्राफिक्स कार्डं वेगळी, आणि निर्णय मात्र स्टिकरवरच्या आकड्यांकडे बघून घ्यायचा. म्हणून ही उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंग आणि ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकायचं आहे. एका लॅपटॉपमध्ये कोअर आय७-१२५५यू प्रोसेसर आणि आरटीएक्स २०५० ग्राफिक्स कार्ड आहे, दुसऱ्यात कोअर आय५-१२४५०एच आणि आरटीएक्स ३०५०. रॅम दोन्हींत १६ जीबी. आय७ सोडून आय५ घेतला तर पस्तावेन का?

नाही. तुमच्या कामाला आय५वालाच हवा. क्रमांकाच्या शेवटचं अक्षर आधी वाचायला शिका. ‘यू’ म्हणजे १५ वॅटच्या पायावर बेतलेला, बॅटरी जपणारा प्रोसेसर. ‘एच’ म्हणजे ४५ वॅटचा. त्या आय७मध्ये १० कोअर, म्हणजे काम करणारे भाग, आहेत खरे, पण त्यांतले दमदार फक्त २, बाकीचे ८ हलक्या कामाचे. आय५मध्ये एकूण ८च, पण दमदार ४ आहेत. कागदावर आय७चा कमाल वेगही जास्त, ४.७ विरुद्ध ४.४ गिगाहर्ट्झ. हा ४.७ काही क्षणांचा असतो. अर्धा तास रेंडर, म्हणजे अंतिम चित्र किंवा व्हिडिओ तयार करायचं काम, लावलात की एचवाला पुढे जातो.

ग्राफिक्सचंही तसंच. दोन्ही कार्डांत २०४८ कूडा कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग, आहेत, त्यामुळे ती सारखीच असं सांगणारे भेटतील. पण २०५०चा मेमरीकडे जाणारा रस्ता ६४ बिटचा आहे आणि ३०५०च्या ४ जीबीवाल्या कार्डाचा १२८ बिटचा, म्हणजे दुप्पट रुंद. फक्त लिखाण, ब्राउझर आणि दिवसभर बॅटरी एवढंच हवं असतं, तर मी पहिला सुचवला असता. घेण्याआधी दोन्हींच्या स्क्रीनची माहिती तेवढी तपासा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर ती स्क्रीन रंग कमी दाखवते, त्यावर रंगांचं काम शिकू नका.

प्रश्न : मावसभाऊ म्हणतो रायझनवाले (एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचे) लॅपटॉप फार तापतात. खरं का?

नाही. तापणं लॅपटॉपच्या पंख्यांवर आणि दिलेल्या वॅटवर ठरतं, प्रोसेसरच्या कंपनीवर नाही.

प्रश्न : दोन लॅपटॉप पाहिले, दोन्हींत आरटीएक्स ४०६० आणि ८ जीबी. एक जाडजूड आहे, दुसरा पातळ आणि दिसायला सुंदर. कार्ड तेच आहे तर पातळच घेऊ ना?

कार्ड ‘तेच’ नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि दर आठवड्याला कोणीतरी पैसे देऊन झाल्यावर विचारायला येतं, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

४०६० हे चिपचं नाव. ती चिप किती पळणार हे तिला किती वीज मिळते त्यावर ठरतं, आणि ती मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी घालते. आरटीएक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने या कार्डासाठी ३५ ते ११५ वॅट एवढी मोकळीक ठेवली आहे. ४०५०लाही तेवढीच. त्यामुळे ४५ वॅटवर बांधलेलं ४०६० हे १०० वॅटच्या ४०५०च्या मागे पडू शकतं, आणि तुम्ही मात्र पैसे मोठ्या नावाचे मोजलेले असतात. पूर्वी कमी विजेच्या कार्डाच्या नावातच ‘मॅक्स-क्यू’ असं लिहिलेलं असायचं, ग्राहकाला निदान शंका तरी यायची. २०२१मध्ये लॅपटॉपसाठी आरटीएक्स ३० ही मालिका आली तेव्हापासून कार्डाच्या नावातून ते गेलं. वॅट सांगायचं काम कंपन्यांवर सोडलं, आणि पुष्कळ जण ते माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकतात किंवा टाकतच नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. दुधाच्या पिशवीवर माप लिहिलेलं असतं, मग इथे का नको?

मागे एक बहीण-भाऊ आपापले लॅपटॉप घेऊन आले होते. दोन्हींवर ४०६०चं स्टिकर. बहिणीचा लॅपटॉप बिघडलाय अशी तक्रार होती. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधलं ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं आणि ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ची ओळ दोघांनाही दाखवली. भावाकडे ११५, बहिणीकडे ६०. एकच ब्लेंडर फाइल दोन्हींवर लावली, भावाचं रेंडर संपून पंखे शांत झाले तरी तिचं चालूच होतं. बिघाड काहीच नव्हता. तिला कोणी वॅट विचारायला सांगितलं नव्हतं, एवढंच.

म्हणून दुकानात चालू लॅपटॉपवर ही ओळ उघडून पाहा. पाहू देत नसतील तर चार्जर उलटा करून त्याचे वॅट वाचा. कार्डाला ११५, प्रोसेसरला ४५, शिवाय स्क्रीन आणि बाकीचं. हे सगळं १०० वॅटच्या चार्जरमधून येणार नाही. जाहिरातीत १४० वॅट दिसले तर हुरळूनही जाऊ नका. ते ११५ अधिक प्रोसेसरच्या वाट्यातून तात्पुरते उसने घेतलेले २५ असतात, आणि शंभरीच्या पुढे प्रत्येक वॅटमागे मिळणारा वेग फारच थोडा असतो. तुमचा प्रवास जास्त असेल, काम हलकं असेल, तर पातळ लॅपटॉप खुशाल घ्या. तो वाईट नाही. पण आकडा पाहून घ्या, आणि वाचता आला नाही तर पूर्ण मॉडेल क्रमांक एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : विक्रेता म्हणतो या लॅपटॉपमध्ये १२ जीबी ग्राफिक्स आहे. आरटीएक्स २०५० असूनही?

ही फसवणूक आहे. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. उरलेले ८ म्हणजे तुमच्या १६ जीबी रॅमचा अर्धा भाग, जो विंडोज गरज पडली तर वापरू देतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. फक्त पहिली मोजा. कार्डाला रॅमपर्यंत जाऊन यावं लागलं की गेम अडखळतो.

प्रश्न : रायझन ५ ५६००एच जुना, रायझन ५ ७५२०यू नवा. नवाच घ्यावा ना?

५६००एच घ्या. ७००० मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, २०१९ची रचना, कोअर ४. ५६००एचमध्ये झेन ३ आणि कोअर ६.

प्रश्न : चार्जर काढला की गेम संथ होतो. दुरुस्तीला द्यावा का?

नको, बॅटरी तेवढी वीज देऊ शकत नाही. चार्जर लावूनही संथ राहिला तर मात्र दाखवा.

प्रश्न : मुलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. सीनियर सांगतात ४०७०शिवाय चालणारच नाही. कर्ज काढून घ्यावा का?

कृपा करून घाई करू नका. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या कामाला एका कोअरचा वेग आणि १६ जीबी रॅम जास्त कामाला येते. लॅपटॉपमधल्या ४०७०ची मेमरी ४०६०एवढीच, ८ जीबी. डेस्कटॉपच्या ४०७०ला १२ असते आणि सीनियर बहुधा त्याचे व्हिडिओ बघून बोलतात. आधी विभागात जाऊन कोणती सॉफ्टवेअर वापरायची ते लिहून आणा. मग त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने दिलेली चालणाऱ्या कार्डांची यादी पाहा. मशीन लर्निंग करायचं असेल तर एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं, कारण त्या कामाला लागणारं कूडा हे एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं. आणि रॅम बोर्डावर झाळलेली आहे की पुढे वाढवता येते, हे बिल होण्याआधी विचारा.

प्रश्न : दोन लॅपटॉपमधून निवड होईना म्हणून तीन महिने थांबलोय. जुन्याचा टचपॅड वर उचलला गेलाय, क्लिक होत नाही. सेल लागेपर्यंत चालेल ना?

नाही! टचपॅड वर येतो तो बहुतेक वेळा खालची बॅटरी फुगली की. लिथियमच्या सेलमध्ये वायू साठतो, आणि असा सेल दाबला गेला किंवा टोचला गेला तर पेट घेऊ शकतो. आत्ताच बंद करा, चार्जर काढा, अंथरुणावर किंवा बॅगेत ठेवू नका, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. उद्याच अधिकृत सेवा केंद्रात न्या, नेण्याआधी फोन करून बॅटरी फुगल्याचं सांगा. फायली काढायच्या म्हणून पुन्हा चालू करू नका. एसएसडी (फायली साठवणारा भाग) सुटी असेल तर ती काढून माहिती मिळवता येते, ते काम त्यांना सांगा. नव्या लॅपटॉपबद्दल नंतर लिहा, आणि दोन्हींचे पूर्ण मॉडेल क्रमांक कळवा. तुमच्या पत्रात ते नाहीत.