कामठीवालीचं पान

प्रिय पोरी,

गेल्या रविवारी तू तुझी भूमितीची वही माझ्या टेबलावरच विसरून गेलीस. वर्तुळाची उदाहरणं तपासायची होती म्हणून उघडली, तर मागच्या पानावर पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं : ‘मावशीला विचारायचं - सेंड-ऑफ झाल्यावर सगळं संपतं का?’ त्याखाली दोन ओळी खोडलेल्या. पेन्सिल दाबून लिहिलं की खोडलेलंही वाचता येतं बाई. तुझी ती मैत्रीण आता तुझ्याशेजारी बसत नाही, एवढं कळलं. बाकी काही विचारणार नाही.

समोर बसवून सांगितलं असतं, पण तू ‘हो मावशी, हो मावशी’ करत घड्याळाकडे बघतेस. म्हणून लिहून देते आहे. प्रिलिमच्या आधी वाचलंस तर बरं, नंतर तुला श्वास घ्यायला वेळ नसेल.

तर, संपतं का? बरंचसं संपतं. खोटं कशाला सांगू?

माझी दहावी १९८९ची. नागपूरच्या महालातली मुलींची शाळा आणि वर्गात आम्ही एकसष्ट पोट्ट्या. एका नावाच्या तिघी-तिघी, म्हणून हजेरीपटावर आडनावं आणि आमच्या तोंडी वस्त्या : इतवारीवाली, नंदनवनवाली, कामठीवाली. काहींची खरी नावं आठवायला मला आजही वेळ लागतो. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यातच सुरू व्हायच्या, आपल्या मात्र २६ जूनला, कारण त्याआधी पत्र्याखाली बसवलं असतं तर आम्ही कुरड्यांसारख्या वाळलो असतो. त्या दिवसापासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही रोज सहा तास एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसायचो. तीन जणींच्या बाकावर चौघी. आम्हाला वाटायचं, केवढी आपली मैत्री! आता वाटतं, त्यातला निम्मा भाग शाळेच्या घंटेचा होता. रोज भेटण्याची सगळी सोय शाळेनं करून ठेवली होती. आम्हाला फक्त यायचं होतं.

घंटा थांबली की ते काम कोणीतरी आपल्या अंगावर घ्यावं लागतं, आणि सोळाव्या वर्षी हे कोणी सांगत नाही. आमच्या सेंड-ऑफला एकमेकींच्या गळ्यात पडून आम्ही इतक्या रडलो की बाईंनी शेवटी मठ्ठ्याचे ग्लास फिरवले. त्या रडणाऱ्यांपैकी कितीजणी जूनमध्ये एकमेकींच्या घरी गेल्या? मीच गेले नाही, तर दुसऱ्यांना काय बोलणार? एकीचं तर त्याच सुट्टीत लग्न लागलं, सोळाव्या वर्षी. कायद्यानं अठरा हवं, हे आम्ही नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं. एकीनंही तिच्या घरी जाऊन काही विचारलं नाही. पत्रिका आली, आणि आम्ही कोणती साडी नेसायची ते ठरवत बसलो.

कामठीवालीचं सांगायचं होतं, तर भरकटले.

ती माझ्या शेजारी बसायची. कामठीहून बसनं यायची आणि बस उशिरा आली की पहिला तास बुडायचा. मग हजेरीला तिच्या नंबरावर ‘हजर बाई’ मी म्हणायची, आवाज थोडा बारीक करून. बदल्यात मला तिच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. आमच्या घरी पोळ्या असायच्या, मला भाकरीचं अप्रूप. जानेवारीत एका बाईंनी पकडलं. त्या दिवशी ती आलीच नव्हती आणि मी तिच्या नंबरावर हजेरी दिली. बाईंनी उभं केलं तेव्हा मी काय म्हणाले असेन? ‘तिनंच सांगून ठेवलंय बाई, रोज म्हणत जा म्हणून.’ खरं म्हणजे तिनं कधीच सांगितलं नव्हतं, माझी मीच सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी ती दोन तास व्हरांड्यात उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधल्या सुट्टीनंतर दप्तर उचलून ती खिडकीजवळच्या बाकावर गेली.

तेव्हा आमच्याकडे ऑटोग्राफच्या वह्या असायच्या, गुलाबी-पिवळ्या पानांच्या. सेंड-ऑफच्या दिवशी मी माझी वही सगळ्या वर्गात फिरवली. तिच्यासाठी एक पिवळं पान कोरं ठेवलं होतं. दिवसभर वही हातात घेऊन तिच्या आजूबाजूला घुटमळले आणि दिली मात्र नाही. ते पान अजून कोरं आहे, वही माझ्या कपाटात आहे. कधी आलीस तर दाखवीन.

पुढे २०११ साली बर्डीवर एका बँकेत पासबुक भरून घ्यायला उभी होते. पुढच्या बाईनं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘तू हजर आहेस का गं?’ बावीस वर्षांनी! आम्ही रांग सोडून बाहेर आलो, रसवंतीवर बसलो आणि मी पहिल्या घोटाबरोबर माफी मागून टाकली. व्हरांडा, हजेरी, माझं खोटं, सगळं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘मले तं हे काही आठवतच नाही बापा.’ मग जरा थांबून, ‘पण सेंड-ऑफले तू माझ्या साडीवर काहून हसली होती?’

मी हसले होते? हळूहळू आठवलं. तिच्या घरी धड साडी नव्हती म्हणून ती वहिनीची लग्नातली जरीची नेसून आली होती. कोणीतरी म्हणालं, ‘आली पाहा नवरी,’ आणि सगळ्या हसल्या. मीही हसले असेन, असणारच. म्हणजे ज्या गोष्टीचं ओझं मी बावीस वर्षं वागवलं ती तिच्या लेखी झालीच नव्हती, आणि जी तिनं बावीस वर्षं धरून ठेवली ती माझ्या गावीही नव्हती. बाक बदलला होता तो व्हरांड्यामुळे नाही, खिडकीतून बसचा थांबा दिसायचा म्हणून, असंही तिनं सांगितलं. खरंखोटं तीच जाणे. मला वाईट वाटू नये म्हणूनही म्हणाली असेल.

आता तुझं. ती दुसऱ्या बाकावर का गेली, हे तुला पक्कं माहीत आहे असं तुझ्या खोडलेल्या ओळींवरून वाटतं. मला नाही तसं वाटत. माफी मागायला जाशील तेव्हा आधी विचार, ‘तुला माझं काय लागलं?’ आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐकून घे, तुला ते कितीही क्षुल्लक वाटलं तरी. आज तुझ्याकडे रोजची मधली सुट्टी आहे. ती तिथेच आहे, दोन बाकं सोडून. मला हेच काम करायला बँकेची रांग लागली.

दुसरं, ते अकरावीच्या फॉर्मचं. तुम्ही चौघींनी एकच कॉलेज, एकच शाखा भरायची शपथ घेतली आहे म्हणे. तुझ्या आईनं सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. शपथ मोडा. आता प्रवेश ऑनलाइन आहे, जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरता येतो आणि जागा मिळते ती गुणांवर आणि आरक्षणावर. तुमची मैत्री तिथं कोणी विचारत नाही. त्यातही पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मैत्रिणीसाठी पहिल्या नंबरावर नको ते कॉलेज टाकलंस, तुला ते लागलं आणि तिला लागलं नाही, तर दोन वर्षं बस तिथं एकटी. तुला चित्रकलेत पुढे जायचं आहे, इतवारीवालीच्या नातीला डॉक्टर व्हायचं आहे. एकाच यादीत ते कसं बसेल? आपापल्या याद्या आपापल्या घरी बसून भरा, मग हवं तर एकमेकींना दाखवा.

मुलींच्या शाळेचं म्हणून एक सांगते, ते सहसा कोणी सांगत नाही. आमच्या गॅदरिंगला बाक उचलणं, पडदा बांधणं, फ्यूज उडाला तर तार बसवणं, सगळं आम्हीच. ‘मुलांना बोलवा’ म्हणायला मुलंच नव्हती. मावळेही आम्ही आणि मोगलही आम्ही, काजळाच्या मिशा लावून. मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही रद्दीची एक मारबत करायचो, तिला बीजगणिताच्या चुकलेल्या उत्तरपत्रिकांचा पदर, आणि ‘गणिताची भीती घेऊन जा गे मारबत’ ओरडत मैदानाला फेरी. मुख्याध्यापिका खिडकीतून बघायच्या आणि बघितलं नाही असं दाखवायच्या. कोणाच्या स्कर्टला डाग पडला की न सांगता एक जण मागून चालायला लागायची, दुसरी कमरेला बांधायला स्वेटर काढून द्यायची. त्यावर चर्चा नाही, कुजबुज नाही.

मग मी अकरावीला मुलामुलींच्या कॉलेजात गेले आणि तीन महिने तोंड उघडलं नाही. प्रयोगशाळेत ब्युरेट लावायला मुलगा पुढे व्हायचा आणि मी बाजूला सरकायची. शाळेत फ्यूज बसवणारी मी! कोणी हाकललं नव्हतं, मीच सरकत होते. तुझंही तसं होईल, थोडे दिवस. झालं तर घाबरू नकोस, पण चौथ्या दिवशी ब्युरेट आपल्या हातात घे. आणि वर्गात अशी आणखी एखादी सरकलेली असेलच, तिच्याशेजारी जाऊन बस.

फोटोंचं मी काही म्हणणार नाही, तुम्ही दिवसाला शंभर काढता. आमच्या दहावीचा एकच फोटो, त्यात मी डोळे मिटलेले. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र विसंबू नकोस. आमचा २०१५ साली झाला. एकसष्टपैकी अडतीस जणी सापडल्या, पहिले पंधरा दिवस उत्सव, मग सकाळची फुलं आणि संध्याकाळचे सुविचार. त्यावर ज्यांना मी आधीपासून भेटत होते, त्यांनाच अजूनही भेटते.

आम्ही चौघी भेटतो, कामठीवाली धरून. ठरवलेला दिवस कोजागिरीचा. शाळेत असताना भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून घरोघरी भुलाबाई बसायच्या, आम्ही गाणी म्हणत फिरायचो आणि डबा हलवून खाऊ ओळखायचो. कोजागिरीला ते संपायचं, म्हणून तोच दिवस धरला. कोणी फोन करून ‘कधी भेटायचं गं’ असं विचारायचंच नाही. ज्या वर्षी जिच्याकडे पाळी, तिच्याकडे सगळ्यांनी जायचं. एक वर्ष एकीचे यजमान आजारी होते तर आम्ही तिच्या दारात चपला न काढता दहा मिनिटं उभ्या राहून दूध पिऊन आलो. मेट्रो झाल्यापासून सोपं पडतं. एक खापरीकडची, एक लोकमान्यनगरची, बर्डीला दोन्ही मार्गिका मिळतात. कामठीवाली मात्र अजून बसनंच येते. उशिराच येते. आणि मोठ्ठा डबा आणते, आम्ही हलवून ओळखतो. जवसाची चटणी मी वासावरून ओळखते, तिला ते आवडत नाही, म्हणते नियम मोडते ही.

चौघींच्या वर आम्हाला कधी जमलं नाही. वर्गातल्या सगळ्या तुला मिळणार नाहीत. दोन-तीन निवड, त्यांच्या आईचं नाव, घरचा पत्ता आणि एखादी बिनकामाची तारीख लिहून ठेव. वाढदिवस नको, त्या दिवशी सगळेच येतात.

सेंड-ऑफला साडी नेसणार असशील तर सुती नेस, आईची. निऱ्यांना तीन पिना, पदराला दोन, आणि दोन जास्तीच्या पर्समध्ये ठेव, कोणाला तरी लागतातच. आणि एखादी भलतीच जरीची नेसून आली तर

ते तुला कळलं असेल.

रविवारी ये. वर्तुळ अर्धं राहिलंय, स्पर्शिकेची दोन प्रमेयं तुला अजून पाठ आहेत, समजलेली नाहीत. स्वतःचा कंपास आण, मागच्या वेळेस माझ्या बांगडीनं वर्तुळ काढावं लागलं आणि त्याचा केंद्रबिंदू शोधता शोधता तास गेला. तीही येत असेल तर घेऊन ये. तिला भूमिती तुझ्यापेक्षा बरी येते असं ऐकते. पोह्यांवर तर्री किती घालायची ते तिला विचारून ठेव.

तुझी,
मावशी