शाहू स्टेडियमवरून व्यावसायिक फुटबॉलकडे
कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळता खेळता व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचे स्वप्न पाहणाऱ्या तरुण खेळाडूंनो, तुमच्या पायात कसब आहे, याविषयी शंका नाही. परंतु कोल्हापुरात असे पाय पेठेपेठेत सापडतात आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेल्या अनिकेत जाधवसारखे फार थोडे पुढे जातात. सुरुवातीला झोपेची वेळ पाळावी, कमकुवत पायाचा सराव रोज करावा आणि चेंडू पायाशी नसतानाही धावून जागा घ्यावी.

नवोदितांची सर्वांत महागडी चूक म्हणजे दुखावलेला गुडघा लपवून तालमीच्या, म्हणजे आपल्या पेठेतील संघाच्या, प्रतिष्ठेसाठी सामना खेळणे. वाहवा त्याच दिवशी मिळते, पण निवड चाचणीला लंगडत जावे लागते. पंचांशी हुज्जतही नको. एजंट, करार वगैरे विषय सध्या बाजूला ठेवावेत. प्रशिक्षकांनी राखीव बाकावर बसवल्यानंतरही दुसऱ्या दिवशी आपण सरावाला वेळेआधी पोहोचतो का, हे आधी तपासावे.