वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअरवरून ओल्ड लाइमची निसर्गचित्रं

प्रश्न : आई न्यू जर्सीतल्या एडिसनला माझ्याकडे आली आहे. गुडघ्यांमुळे तिला व्हीलचेअर लागते. घरी लहान चाकांची घडीची खुर्ची आहे. तिला निसर्गचित्रांची फार आवड. कनेटिकटमधल्या ओल्ड लाइम गावचं फ्लॉरेन्स ग्रिसवोल्ड संग्रहालय तिला नीट बघता येईल का?

उत्तर : येईल, पण खुर्ची बदला. आठ इंची चाकं गॅलरीत छान पळतात, बाहेरच्या वाटेवर खडी लागली की रुततात. मागे 24 इंची चाकं असलेली खुर्ची भाड्यानं घ्या. 18 इंची बैठकीची खुर्ची बाहेरून 25-26 इंच रुंद भरते. संग्रहालयाची क्रीबल गॅलरी 2002 सालची, तिथे चिंता नाही. ज्यांच्या नावाचं संग्रहालय आहे त्या ग्रिसवोल्डबाईंचं घर मात्र 1817 चं. आधी फोन करा, खुर्चीची रुंदी सांगून ती दारांतून जाईल का ते विचारा आणि वरच्या मजल्याची आशा धरू नका. त्यानं फारसं बिघडत नाही, कारण पाहायलाच हवं असं जेवणघर तळमजल्यावर आहे. या घरात भाड्यानं राहणाऱ्या चित्रकारांनी तिथल्या दारांवर आणि भिंतींच्या लाकडी फळ्यांवर थेट चित्रं काढली आहेत. शेकोटीवर हेन्री रँकिन पूरचं लांबलचक चित्र आहे : कोल्ह्यामागे धावणारी चित्रकारमंडळी, सगळी व्यंगचित्रं! ते उंचावर आहे, म्हणून दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसेल अशी छोटी दुर्बीण न्या.

गॅलरीत खरी अडचण चकाकीची. चित्राचा मध्य सहसा जमिनीपासून 57-60 इंचांवर असतो, बसलेल्या माणसाचे डोळे 43-51 इंचांवर. खालून पाहताना वरचे दिवे व्हार्निशवर चमकतात आणि नेमकं आभाळच पुसलं जातं. ढकलणारा स्वतःला दिसतं तिथे थांबतो, चूक तिथेच होते. वाकून आईच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा, दोन मीटर मागे या, मग फूटभर बाजूला सरका.

चित्रकार हेन्री वॉर्ड रेंजर 1899 मध्ये इथे आला. त्याची रानं तपकिरी, धूसर. 1903 मध्ये चाइल्ड हॅसम हा चित्रकार आल्यावर इथल्या चित्रांचे रंग उजळले. दोघांची चित्रं पाठोपाठ दाखवा, फरक सांगावा लागणार नाही.

खुर्चीत जाड उशी हवी, आणि अर्ध्या तासानं आईला बूड हलवायला सांगा. संग्रहालय सोमवारी बंद असतं. एडिसनहून अडीच-तीन तास धरा. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी आय-95 महामार्गावर निघू नका.